डाव्या हाताचा शेरा

आमच्या सर्वेक्षणात रक्तदाब डाव्या हातावर मोजायचा, असा नियम होता. तो मीच लिहिला होता. माणूस पाच मिनिटं शांत बसलेला असावा, पाठ टेकलेली, पावलं जमिनीवर, डावा हात टेबलावर, तळवा वर. मोजताना बोलायचं नाही. डाव्या दंडाला पट्टा बांधता येत नसेल तर उजव्यावर मोजायचं, पण मग त्याचं कारण लिहायचं. प्लास्टर, जखम, सूज, डायलिसिसची नळी, जे असेल ते. कारणाचा रकाना रिकामा ठेवला तर सिस्टरच्या टॅबलेटवर पुढचं पानच उघडत नसे. ही मेख मीच मारून ठेवली होती आणि तिचा मला अभिमान होता.

मी संख्याशास्त्राचा माणूस, वय चोपन्न. बनारसमधल्या एका संशोधन केंद्रात हृदयाच्या आरोग्याच्या सर्वेक्षणाचा डेटाबेस माझ्या ताब्यात होता. शहरातल्या काही गल्ल्या आणि गंगेपलीकडचं रामनगर, इथल्या घरांत आमच्या सिस्टर जायच्या, दर दोन वर्षांनी पुन्हा त्याच घरांत. वजन, कंबर, रक्तदाब, ईसीजी, मीठ किती, झोप किती, सुर्ती-तंबाखू किती. ते सगळं माझ्याकडे येई. माझ्या पडद्यावर माणूस म्हणजे एक ओळ. नाव नाही, फक्त क्रमांक. शेवटी शेऱ्याचा रकाना, सिस्टरला जे सांगावंसं वाटेल ते लिहायला. संशोधक अर्ज करत, मी त्यांना हवे ते रकाने काढून देई. चुकीच्या नोंदी शोधणं हे माझं खरं काम. कंबरेच्या जागी वजन पडलेलं, पुरुषाला बाळंतपणं लागलेली. अशी चूक सापडली की मला फार बरं वाटे.

घरी जेवताना मी याच गोष्टी सांगत असे. बायको वाढता वाढता ऐके. एकदा तिने विचारलं होतं, डावाच हात का? मी म्हटलं, सगळ्यांचं एकसारखं असावं म्हणून. आणि नसेल तर का नाही, ते लिहावंच लागतं, लिहिल्याशिवाय पुढे जाताच येत नाही.

"आणि ते तुम्ही वाचता?" तिने विचारलं.

"प्रत्येक ओळ," मी म्हटलं.

आता जे सांगायचं ते सांगतो. मी तिला मारत असे.

हे वाक्य लिहायला मला बरीच वर्षं लागली, आणि लिहिल्यावर ते किती छोटं आहे ते दिसतं. आमचं घर ब्रह्मा घाटाच्या वरच्या गल्लीत. माझे वडील वेदपाठशाळेत शिकवत. हाताने स्वर दाखवत मंत्र म्हणायची रीत होती, आणि स्वर चुकला की त्याच हातावर छडी बसे. मीही खाल्ली आहे. पण ते कारण म्हणून सांगत नाही. माझ्याबरोबर छडी खाल्लेले इतर मुलगे मोठे होऊन बायकांना मारत सुटले नाहीत.

ती साताऱ्याकडची. लग्न होऊन इथे आली तेव्हा आमच्या मराठीला हसायची. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेले, आमच्या बोलण्यात अर्धी हिंदी. दुसऱ्या वर्षी माझ्या मावशीसमोर मी काहीतरी बोललो आणि ती हसली, मावशीही हसली. मावशीला घाटापर्यंत पोचवून मी परत आलो, दाराला कडी लावली आणि तिच्या तोंडात मारली. तिच्या कानातलं उडून भिंतीवर आपटलं. ती रडली नाही. गालावर हात ठेवून माझ्याकडे बघत राहिली, जणू मी तिला काहीतरी विचारलंय आणि उत्तर आठवत नाहीये. मग मी ते कानातलं शोधायला गुडघ्यांवर बसलो. सापडल्यावर तिच्या हातात दिलं. मला वाटलं, मिटलं.

नंतर कारणं लागेनाशी झाली. भात चिकट झाला. फोनवर भावाशी फार वेळ बोलली. केस धरून ओढलं. पाठीत लाथ घातली. एकदा गरम तव्यावर तिचा तळहात दाबायला गेलो आणि मुलगी दारात दिसली म्हणून सोडला. मुलगी तेव्हा सात वर्षांची होती. ती वळून जिना चढून गेली, आणि पुढे मोठी होईपर्यंत घरात असताना नेहमी वरच्याच खोलीत राहिली.

आमच्या गल्लीत दोन सांड भिडले की लोक दारं लावून घेतात आणि वरच्या खिडक्यांतून बघतात. शिंगांचा आवाज, दुकानाच्या फळ्या मोडल्याचा आवाज, मग एक सांड पळतो आणि दारं उघडतात. आमच्या घरातलं ऐकू आलं की गल्लीतली दारं अशीच लागायची. दुसऱ्या दिवशी लोक मला नमस्कार करायचे. गुरुजींचा मुलगा, शिकलेला, पान न खाणारा.

ज्या फेरीत नव्या गल्ल्या जोडताना आमच्या गल्लीची चिठ्ठी निघाली त्या फेरीची ही गोष्ट. घरांची निवड संगणक करतो, त्यात माझा हात नसतो. यादीत आमचं घर आलं. प्रकल्पातल्या माणसाचं घर वगळता आलं असतं, केंद्राच्या साहेबांनी तसं सुचवलंही. मी नाही म्हटलं. निघालं ते निघालं, आकड्यांशी लबाडी नको. सगळ्यांना ते फार आवडलं.

आमच्या घरी सिस्टर यायची त्याच्या चार दिवस आधी मी दुपारी जेवायला घरी आलो. स्वयंपाकघरातल्या फडताळात डब्यांखाली कागद अंथरले होते. ते माझे छापील तक्ते होते, जुने, टाकून दिलेले. मी त्यांच्यावर लाल खुणा केल्या होत्या एवढंच. मी विचारलं, हे कुणी केलं. ती म्हणाली, रद्दीत होते. दाराचा अडसर भिंतीला टेकून उभा होता, सागवानी, मनगटाएवढा जाड. मी तो उचलला. तिने डावा हात चेहऱ्यासमोर धरला आणि अडसर कोपरावर बसला. जो आवाज आला तो मी सांगू शकतो, पण सांगणार नाही. दुसरा घाव दंडावर. तिसरा मारला तो फडताळावर लागला, डबे खाली आले, हळद सांडली. तिच्या पायाशी सगळं पिवळं. मी अडसर जागेवर ठेवला, हात धुतले आणि कार्यालयात परत गेलो. त्या दुपारी मी शंभरेक ओळी तपासल्या आणि एकही चूक केली नाही.

हाड मोडलं नव्हतं. तिने हळद लावून साडीचा तुकडा बांधला.

सिस्टर आली तेव्हा मी घरी नव्हतो. माझं माप केंद्रातच घेतलं होतं. माझा रक्तदाब पुस्तकात छापावा इतका उत्तम. संध्याकाळच्या सुमारास आमच्या गल्लीच्या नोंदी पडद्यावर आल्या. आमच्या घराचा क्रमांक मला पाठ होता. बायकोच्या ओळीत दाब चढलेला होता, तिन्ही वेळा. हात: उजवा. कारण: सूज. शेरा हिंदीत होता. डावा हात कोपरापासून वर सुजलेला, काळानिळा. दाराचा अडसर लागला, असं सांगतात.

मी तो दोनदा वाचला. खोलीत आणखी तिघं जण काम करत होते. मग मी 'उजवा' काढून 'डावा' केलं आणि कारणासकट शेरा पुसला. नोंद बदलली की डेटाबेस कारण विचारतो. मी लिहिलं, टंकलेखनातली चूक. त्याने मुकाट्याने स्वीकारलं. खरं तर त्यात काहीच पुसलं जात नाही. जुनी नोंद खाली तशीच राहते, कुणी बदलली, केव्हा बदलली, हे सगळं राहतं. ती सोयही मीच करवून घेतली होती. पण त्या तळघरात माझ्याशिवाय कुणी उतरत नसे.

येताना चौकातून लौंगलता घेतली, इथली खव्याची मिठाई. बायकोला आवडते. तिने पुडी उघडली, बघितलं, ताटलीत काढली. आणि म्हणाली, "आज काही नवीन आलं का, तुमच्या त्या ओळींमध्ये?"

"नाही," मी म्हटलं. "रोजचंच."

मग लौंगलता माझ्यापुढे ठेवून ती आत गेली.

यानंतर मी थांबलो असतो तर ही निराळी गोष्ट झाली असती. मी थांबलो नाही.

दोनेक वर्षांनी पुढची फेरी जवळ आली तेव्हा अकोल्याकडची एक मुलगी आमच्याकडे संशोधनाला आली. पीएचडी करत होती, तिशीच्या आतली. केंद्रात माझ्याशी मराठीत बोलणारी ती एकटीच, म्हणून मला तिचं कौतुक होतं. तिचा विषय झोप आणि रक्तदाब. उजव्या हाताची मापं वेगळी काढायची म्हणून तिने हाताचा रकाना मागितला. मी दिला. कारणाचा रकाना त्याला जोडलेला होता, तोही गेला.

महिन्याभराने ती कागद घेऊन आली.

"सर, झोपेचं राहू द्या," ती म्हणाली. "हे बघता का जरा?"

उजव्या हातावर मोजलेल्या बायकांची यादी होती. म्हाताऱ्या, डायलिसिसवाल्या तिने बाजूला काढल्या होत्या. उरलेल्या तरण्या, चाळिशीच्या आतबाहेरच्या. सूज, जखम, काळानिळा, प्लास्टर. पुरुषांमध्ये असं जवळजवळ नव्हतंच. काही बायका दोन्ही फेऱ्यांत होत्या, दोन्ही वेळा डावाच हात. मी म्हटलं, योगायोग असेल. बायका घरात पडतात, भाजतात.

"पडतात तर डाव्याच हातावर कशा पडतात?" ती म्हणाली. "उजव्या हाताचं माणूस पडताना उजवा पुढे करतं. तुम्ही उठा ना जरा."

मी उठलो. तिने टेबलावरची लाकडी पट्टी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, मारा मला. मी पट्टी धरून उभा राहिलो. माझा हात वर जाईना. तिला वाटलं मी लाजतोय. तिने स्वतःच डावा हात चेहऱ्यासमोर आडवा धरला, कोपर पुढे.

"असा," ती म्हणाली. "समोरचा उजव्याने मारतो ना, मग हाच हात आधी वर जातो. मी घरी आरशासमोर करून बघितलं, सर."

मला ते बघायची गरज नव्हती. ते कोपर माझ्या ओळखीचं होतं. पट्टी माझ्या हातात होती. खरं सांगायचं तर क्षणभर माझ्या खांद्याला मारायची सवय आठवली, कसं वजन टाकायचं ते. मी पट्टी खाली ठेवली.

तिला सगळे शेरे हवे होते, आणि नंतर कुणी ते बदलले असतील तर बदलांचा इतिहासही. कारण अशा नोंदी लोक नीटनेटक्या करून टाकतात, असं ती म्हणाली. माझ्यावर संशय घेऊन नव्हे. माझ्याकडून शिकलेलीच गोष्ट ती मला सांगत होती.

केंद्राच्या समितीपुढे तिचा अर्ज आला तेव्हा मी विरोध केला. मी कधी फार बोलत नाही, त्या दिवशी बोललो. शेऱ्यांवरून घर ओळखता येईल. लोकांनी आपल्याला हृदयासाठी दारात घेतलं, यासाठी नाही. नवऱ्याला कळलं तर बाईचेच हाल होतील. यातलं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ते सगळ्यांना पटलं. खरी वाक्यं मी आडोशासारखी पुढे धरली होती. शेरे नाही तर नाही, निदान सिस्टरला त्या घरांत एकदा एकटीने पाठवा, बाईशी बोलू दे, असं ती मुलगी म्हणाली. मी म्हटलं, फेरी आपल्या वेळेला येईलच, मध्येच जाणं नियमात बसत नाही. शेऱ्यांचा रकाना संशोधकांना बंद झाला.

बाहेर पडताना ती मला म्हणाली, "सर, तुम्ही तर प्रत्येक ओळ वाचता." एवढंच.

त्या संध्याकाळी घरी बायकोने विचारलं, आज चेहरा असा का. मी म्हटलं, काही नाही, एका पोरीला नियम समजावून सांगावे लागले. ती म्हणाली, "नियम काय, तुमच्या बाजूचेच असतात." टेबलावर घरचं रक्तदाबाचं यंत्र होतं. तिला गोळ्या सुरू झाल्या होत्या, रोज मोजायला मीच आणलं होतं. ते मी तिच्या तोंडावर फेकून मारलं. मग मुठीने मारलं. त्या वेळी तिचा डावा हात वर आला नाही. दोन्ही हात ताटाशी होते आणि ती तशीच बसून राहिली, डोळे उघडे ठेवून, आणि मूठ थेट ओठांवर बसली. पुढचा दात तुटला. रक्त वरणात पडलं. तिने दात उचलून ताटाच्या कडेला ठेवला आणि म्हणाली, "झालं?"

त्यानंतर मी हात उचलला नाही. थांबलो ते चांगुलपणाने नव्हे. तो हात वर आला नाही, त्याची मला भीती वाटली.

पुढची फेरी रामनगरपासून सुरू झाली. त्या मुलीच्या यादीतली एक बाई, दोन्ही फेऱ्यांत डाव्या हाताचा शेरा असलेली, यावेळी मृत म्हणून आली. घरात कुणी गेलं असेल तर आम्ही घरच्यांना विचारून मृत्यूचं कारण नोंदवतो, आणि तेव्हा सिस्टरबरोबर केंद्रातलं कुणीतरी लागतं. त्या दिवशी कुणी मोकळं नव्हतं. मी गेलो. सिस्टर जुनी, आमच्या गल्लीचीही घरं तिच्याकडेच होती.

पूल ओलांडून रिक्षाने गेलो. पुढे दुकान, मागे घर. नवरा मोटरसायकलींच्या सीटची कव्हरं शिवायचा. तिशीतला, हसतमुख. त्याच्या हातात मोठी कात्री होती आणि बोलताना तो रेक्झिन कापतच राहिला. सासू म्हणाली, छतावरून पडली. छतावर जायला शिडी होती, बांबूची, तिचे तीन दांडे तुटलेले आणि त्या मोकळ्या जागेत कोळ्याचं जाळं. सिस्टरने शिडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिने विचारलं, मार कुठे लागला होता. डोक्याला. आणखी? नवरा म्हणाला, सगळीकडेच, पडल्यावर काय राहतं. कोपऱ्यात एक लाकडी मोगरी पडली होती, कपडे धुवायची, मधून चिरलेली आणि तारेने बांधलेली.

मग तो माझ्याकडे वळला. सिस्टरशी बोलण्यात त्याला रस नव्हता.

"बोलती बहुत थी, साहब," तो म्हणाला. "आप तो समझते होंगे. आप भी घरवाले आदमी हैं."

मी मान हलवली.

मी मान हलवली, हेच मला सांगायचं होतं. बाकी सगळं त्याच्या आधीचं आणि नंतरचं. त्याने मला ओळखलं होतं, आणि मी होकार दिला. त्या घरात, आमच्या पाठीमागच्या भिंतीवर, त्या बाईच्या बांगड्या अजून खिळ्याला अडकवलेल्या होत्या.

परत येताना पुलावर रिक्षा अडकली. सिस्टर पिशवीत टॅबलेट धरून बसली होती, पाण्याकडे तोंड करून. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "सरजी, भाभीजी का फॉर्म मैंने ही भरा था."

अलीकडे पोचल्यावर तिने उतरून आपले पैसे आपण दिले, असं आधी कधी झालं नव्हतं. मला कार्यालयात जायचं होतं. मी मुन्शी घाटाकडे वळलो आणि तिथून पायऱ्या-पायऱ्यांनी चालत घरापर्यंत आलो. वाटेत ओळखीचे भेटले, नमस्कार झाले.

बायको गच्चीवर ऊन खात मटार सोलत बसली होती. मी समोर बसलो. तिने ताट थोडं आपल्याकडे ओढलं. मी जवळ बसलो की ती वस्तू स्वतःकडे ओढून घेते, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं.

मी तिला रामनगरचं सांगितलं. मग म्हटलं, तुझ्याही ओळीत शेरा होता, अडसराचा.

तिचे हात थांबले. "तुम्हाला माहीत आहे?"

"तेव्हाच वाचला होता."

"मग?"

"खोडला."

तिने सोललेले दाणे एका बाजूला केले. आवाज चढला नाही तिचा.

"ती सिस्टर येणार ते तुम्हीच सांगितलं होतंत," ती म्हणाली. "तिने डाव्या हाताला पट्टा बांधला पण होता. बसत होता. मी म्हटलं, दुखतंय, उजव्यावर घे, आणि कारण लिही. ती नुसतं सूज लिहीत होती. मी म्हटलं, अडसर लिही. घरात कुणीतरी वाचणारं आहे." तिने एक शेंग फोडली. "माझं बोलणं तुमच्या कानावर पडत नव्हतं. ओळी मात्र तुम्ही वाचत होतात. म्हणून तिथे लिहिलं."

मी लौंगलतेची आठवण काढली नाही. तिनेच काढली.

"मी विचारलं सुद्धा तुम्हाला. रोजचंच म्हणालात. मला वाटलं, पोचलं नसेल. एवढ्या हजारो ओळी, राहिली असेल एखादी. त्या समजुतीवर मी इतके दिवस काढले, की हे माणूस वाईट आहे पण त्याच्यापर्यंत पोचलेलं नाहीये अजून."

मी माफीसारखं काहीतरी बोलायला लागलो. तिने हातानेच थांबवलं, डाव्या. तो हात कोपरात अजूनही पुरता सरळ होत नाही.

"ते आता नको. आधी माझी ओळ होती तशी परत लिहा. आजच. मग मी बघते माझं काय ते."

मी तसाच उठून कार्यालयात गेलो. तळघरातून जुनी नोंद वर काढली. हात: उजवा. कारण आणि शेरा, शब्द न् शब्द. डेटाबेसने बदलाचं कारण विचारलं. मी लिहिलं: आधीचा बदल खोटा होता. अडसर मी मारला होता. खाली आपोआप माझं नाव आणि वेळ आली. मग अकोल्याच्या मुलीला बोलावून सगळा इतिहास दाखवला. तिने ती ओळ वाचली, आणि वाचताना ती खुर्ची मागे सरकवून माझ्यापासून लांब झाली, स्वतःच्या नकळत. मी तिला सांगितलं, समितीला मीच लेखी देतो. ती म्हणाली, "रामनगरची ती बाई माझ्या यादीत चौथी होती." मला ते माहीत होतं.

डेटाबेस माझ्याकडून काढून घेतला, ते योग्यच झालं. त्या बाईचे दोन जुने शेरे आणि सिस्टरची शिडीची नोंद साहेबांनी पोलिसांकडे दिली. मीही जबाब दिला, मान हलवली त्यासकट. प्रकरण चालू आहे. ती बाई परत येणार नाही. सिस्टर आता नियमाप्रमाणे अशा घरांत एकटीने, फेरी नसतानाही जाते. त्या मुलीने झोपेचा विषय सोडला.

बायको आठवड्याभरात पुण्याला मुलीकडे गेली. जाताना भांडली नाही. गॅस कुठे नोंदवायचा, तिच्या गोळ्या कुठल्या डब्यात राहिल्या आहेत त्या फेकून द्या, असं सगळं सांगून गेली. मुलगी न्यायला आली होती. ती दारातच उभी राहिली, आत आली नाही. अडसर उचलून तिने हातात तोलून बघितला आणि जाताना बरोबर घेऊन गेली. तेवढं लांबडं लाकूड रेल्वेने पुण्यापर्यंत कसं नेलं कोण जाणे. दाराला आता लोखंडी कडी आहे.

मागच्या महिन्यात फेरी आमच्या गल्लीत पोचली. तीच सिस्टर. मी दार उघडलं. ती आत आली, खुर्चीवर बसली, टॅबलेट उघडला. माझी ओळ बाजूला ठेवून तिने आधी बायकोची काढली. घरात नाही, अशी खूण केली. टॅबलेट कारण मागत होता. ती स्थलांतर एवढं लिहून मोकळी होऊ शकली असती.

"कारण आप बताइए, सरजी," ती म्हणाली.

बाहेर कुणाचा तरी सांड भिंतीला अंग घासत होता. मी सांगितलं, मला भिऊन, आणि माझ्यामुळे. मी मारत असे, ती सहन करत असे, मग तिने लिहून कळवलं, ते मी खोडलं, म्हणून ती गेली. सिस्टरने ते जसंच्या तसं लिहून घेतलं, एक शब्दही कमी न करता. वेळ लागला. मग पुढचं पान उघडलं, आणि तिने मला डावा हात टेबलावर ठेवायला सांगितलं.